मदत हवी आहे: जनरेटरच्या एटीएसचा (ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विचचा) अलार्म वॉचमनच्या केबिनपर्यंत न्यायचाय

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत लाइट गेली की डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होतो, पण कधीकधी एटीएस लोड डीजीवर टाकतच नाही. 'फेल टू ट्रान्सफर'चा अलार्म येतो, तोही तळघरातल्या पॅनेलवर. तिथे कोण बघणार? इकडे लिफ्टमध्ये वयस्कर माणसं अडकतात, जीव टांगणीला लागतो.

एटीएसच्या कंट्रोलरच्या रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आउटपुटवरून केबिनमध्ये हूटर लावायचाय. रिले एरवी ओढलेला (म्हणजे सप्लाय देऊन चालू) ठेवून अलार्मला सोडावा, हूटर एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे रिले सुटला की जोडला जाणाऱ्या) कॉन्टॅक्टवर घ्यावा, असं मला वाटतं. म्हणजे कंट्रोलरचीच सप्लाय गेली तरी हूटर वाजेल. बरोबर आहे ना? आणि हूटरला डीजीचीच बॅटरी चालेल का? स्टार्ट होताना तिचे व्होल्ट खाली येतात, म्हणून शंका. कोणी असं केलं असेल तर अलार्मचा डिले किती ठेवलात, तेही कृपया सांगा.