रॅगिंगबद्दलच्या ‘थोडं सोसलं की पोरं तयार होतात’, यावर
इथे एकाने प्रतिसादात लिहिलेलं हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. हॉस्टेलला माझ्या खोलीत गडचिरोलीतल्या भामरागडकडचा एक मुलगा होता. घरी माडिया ही आदिवासी भाषा बोलणारा, मराठी जपून जपून बोलायचा. रात्री अकरानंतर सिनियर त्याला बोलवायचे, ‘तुमच्या भाषेत बोलून दाखव’ म्हणायचे आणि हसायचे. महिनाभरात त्याने मेसला येणं सोडलं, दिवाळीला घरी गेला तो परतलाच नाही. तो तयार झाला नाही, त्याचं शिक्षण सुटलं. मी तेव्हा गप्प बसलो, याची लाज आजही वाटते.

दुसरं, ‘तक्रार करून काय होतं?’ असं म्हणतात, तेही खरं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो! म्हणून तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. अर्ज आईवडीलही देऊ शकतात. शिवाय यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि त्याच मजल्यावर राहणाऱ्यांनो, मेसमध्ये एकट्या बसलेल्या पोराशेजारी ताट घेऊन बसा. मी तेवढंसुद्धा केलं नव्हतं.