उपग्रहावरून वाहिन्या घ्यायला लागल्यापासून चित्र धूसर का दिसते?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यापर्यंत आमच्याकडे केबलची जोडणी होती. आता गच्चीवर डिश बसवून उपग्रहावरून वाहिन्या घेत आहोत. टीव्ही तोच आहे, ४३ इंची, १९२० × १०८० चा. बदल केल्यावर चित्र अधिक स्वच्छ होईल अशी माझी समजूत होती, पण झाले उलटेच. सगळ्या चित्रावर पातळ पडदा धरल्यासारखे वाटते. चेहरे मेणाचे असावेत तसे गुळगुळीत आणि किंचित रुंद दिसतात. बातम्यांच्या खालच्या पट्टीतील लाल-निळ्या अक्षरांच्या कडांवरून बारीक ठिपके सरकत राहतात, आणि चौकटीच्या शर्टावर नसलेले रंग उमटतात. माझ्या वडिलांना ती पट्टी वाचण्याची सवय आहे आणि आता त्यांना ती वाचता येत नाही, याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

याखेरीज पाच-सहा वाहिन्यांवर अधूनमधून चित्राचे चौकोन होऊन ते क्षणभर थिजते आणि आवाजही तुटतो. डिश बसवणारे गृहस्थ दोनदा येऊन दिशा जुळवून गेले. बॉक्सच्या पडद्यावर सिग्नलची ताकद ८५ आणि गुणवत्ता ७८ दिसते. आता ते मोठी डिश लावण्यास सुचवत आहेत, तर घरातील काहींचे मत टीव्हीच बदलावा असे आहे. खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे समजून घ्यायचे आहे. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांची वायर जोडलेली आहे. आम्ही टीव्हीपासून साधारण दोन मीटरवर बसतो.

ध्रुवमत्स्य

आपण लक्षणे बारकाईने लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्याकडे एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असण्याची शक्यता फार कमी आहे. धूसरपणा, सरकते ठिपके आणि खोटे रंग हा एक दोष, तर चौकोन पडून चित्र थिजणे हा दुसरा.

जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल जसजसा क्षीण होई तसतसे चित्र बिघडत जाई. आधी थोड्या मुंग्या, मग अधिक मुंग्या, आणि शेवटी मुंग्यांमधून चित्र शोधावे लागे. त्या काळापासून आपल्या मनात पक्के बसले आहे की चित्र वाईट असेल तर अँटेना हलवावा. उपग्रहावरून येणारे प्रक्षेपण डिजिटल असते आणि त्याचे वागणे निराळे आहे. बॉक्सकडे आकड्यांचा प्रवाह येतो. वाटेत काही आकडे बिघडले तर ते दुरुस्त करण्यासाठी लागणारी जादा माहिती त्याच प्रवाहात मिसळलेली असते. चुका दुरुस्तीच्या आवाक्यात आहेत तोवर चित्र जसे पाठवले तसेच, तंतोतंत मिळते. आवाक्याबाहेर गेल्या की चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि आणखी थोड्या घसरणीनंतर पडदा काळा होतो. या दोन टोकांच्या मध्ये ‘थोडे धूसर’ अशी पायरी नसते.

म्हणून जे चित्र न तुटता, न थिजता अखंड चालते आणि तरीही सतत धूसर दिसते, त्याचा दोष डिशमध्ये नसतो. डिश कितीही मोठी केली तरी ते तसेच राहील. आपला धूसरपणा बॉक्स, त्याची वायर आणि टीव्ही या तिघांमध्येच शोधायला हवा. चौकोनांचा शोध मात्र बॉक्सच्या अलीकडे, म्हणजे बॉक्सपर्यंत येणारी केबल, तिचे जोड, एलएनबी (डिशच्या पुढ्यात बसवलेला, सिग्नल टिपणारा भाग) आणि डिश यांत घ्यावा लागेल. कृपया दोन्ही कामे एकदम करू नका, नाहीतर कशामुळे काय सुधारले हे कळणार नाही.

तांबडी तार

पिवळी पिन हेच आपल्या धूसरपणाचे कारण आहे असे मी खात्रीने म्हणेन. या पिनेतून चित्राचा उजेड आणि रंग ही दोन्ही माहिती एकाच तारेवरून एकत्र जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. हे विलगीकरण कधीच पूर्ण होत नाही. रंगाचा अंश उजेडात मिसळला की रंगीत अक्षरांच्या कडांवर ठिपके सरकू लागतात, आणि बारीक रेघांचा उजेड रंगात गणला गेला की चौकटीच्या शर्टावर नसलेले रंग उमटतात. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे या वायरचीच ओळख आहेत.

शिवाय या वायरवरून एचडी चित्र जाऊच शकत नाही. वाहिनी एचडी असली तरी बॉक्स तिचे ५७६ किंवा ४८० रेषांचे चित्र करून बाहेर काढतो आणि टीव्ही ते ताणून १०८० रेषांवर पसरवतो. ७२० × ५७६ म्हणजे सुमारे चार लाख चौदा हजार बिंदू, तर १९२० × १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक. पाचपट जागा भरायची असेल तर मधले बिंदू टीव्हीला अंदाजानेच भरावे लागतात. तोच आपल्याला जाणवणारा पडदा.

बॉक्सच्या मागे एचडीएमआयची खाच असेल तर तिथून वायर जोडा. एवढ्यावर थांबू नका. बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ आउटपुट हा भाग उघडून तिथे १०८० निवडा, कारण कित्येक बॉक्स वायर बदलल्यावरही जुन्याच ५७६ वर राहतात आणि मग माणूस म्हणतो की एचडीएमआयने काही फरक पडला नाही. त्याच ठिकाणी पडद्याचे प्रमाण १६:९ करा. ४:३ चे चित्र आडवे ताणून १६:९ च्या पडद्यावर बसवले की माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात. जुन्या कार्यक्रमांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या तशाच राहू द्या.

सावकाश

वायर बदलल्यावर टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंग्जकडेही पाहावे. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी झालर येते. नॉइज रिडक्शन जास्त ठेवले तर त्वचेचा पोत पुसला जातो, आणि मेणाच्या चेहऱ्यांमागे त्याचाही हात असू शकतो. दुकानात उठून दिसण्यासाठी ठेवलेला व्हिव्हिड मोड घरात डोळ्यांना त्रास देतो. सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड घेऊन शार्पनेस खाली आणावा.

बसण्याच्या अंतराचाही विचार व्हावा. एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून आणि साधे एसडी चित्र सहापट अंतरावरून पाहावे असा जुना ठोकताळा आहे. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटीमीटर असते, म्हणजे एचडीसाठी १.६ मीटर आणि एसडीसाठी ३.२ मीटर. आपल्या दोन मीटरवरून एचडी वाहिन्या छान दिसतील. एसडी वाहिन्या मात्र सर्व काही बिनचूक जोडले तरी थोड्या मऊ दिसणारच, एवढी मनाची तयारी असू द्यावी.

ओसरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जुना केबलचा बॉक्स परत नेला गेला तेव्हा त्याची एचडीएमआय वायरही गेली होती, आणि नव्या बॉक्सला सोबत आलेली वायर लावली गेली, हे आता लक्षात आले. एचडीएमआय जोडल्यावर प्रथम खरोखरच फारसा फरक पडला नाही. आउटपुट ५७६ वरून १०८० केले आणि एचडी वाहिन्यांवरचा पडदा एका क्षणात गेला. ठिपके नाहीसे झाले आणि चेहरेही योग्य आकाराचे झाले. वडिलांनी खालची पट्टी मोठ्याने वाचून दाखवली.

दोन गोष्टी उरल्या आहेत. काही एसडी वाहिन्यांवर पाऊस, गर्दी किंवा धावता कॅमेरा आला की चित्र भुगा झाल्यासारखे फुटते, पण आवाज नीट राहतो. आणि त्या पाच-सहा वाहिन्यांवरचे थिजणे तसेच आहे.

ध्रुवमत्स्य

पहिल्या गोष्टीत आपण काही करू शकणार नाही. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या एका संचावर, अनेक वाहिन्या बसवायच्या असल्याने प्रत्येक वाहिनीचे चित्र दाबून लहान केलेले असते. स्थिर दृश्याला थोडा डेटा पुरतो, पण पाऊस, पाणी आणि गवत यांत प्रत्येक क्षणी सारेच बदलते आणि वाट्याला आलेला डेटा अपुरा पडतो. २००३ मध्ये मान्य झालेली एच.२६४ ही चित्र दाबण्याची पद्धत जुन्या एमपीईजी-२ च्या साधारण निम्म्या डेटात तोच दर्जा देऊ शकते, परंतु वाचलेली जागा चित्र सुधारण्यात घालवायची की आणखी वाहिन्या बसवण्यात, हे प्रसारण करणारे ठरवतात. ग्राहकाच्या दृष्टीने ही बाब मला अन्यायाची वाटते. आवाज न तुटता केवळ हालचालीत चित्र फुटणे ही याची खूण आहे. तीच वाहिनी एचडीमध्ये उपलब्ध असेल तर ती घेणे हाच उपाय.

थिजण्याबद्दल मात्र नक्की काही करता येईल. त्या वाहिन्यांची फ्रिक्वेन्सी आणि पोलरायझेशन (लहरींची उभी किंवा आडवी दिशा) बॉक्सच्या माहितीत दिसत असेल तर लिहून काढा, आणि सिग्नलची गुणवत्ता त्याच वाहिन्यांवर असताना पाहा. आपण सांगितलेले ७८ बहुधा दुसऱ्याच ट्रान्सपाँडरचे असावे. हे आकडे प्रत्येक बॉक्स आपापल्या पद्धतीने दाखवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या घरच्या आकड्यांशी तुलना करू नका. आपल्याच बॉक्सवर चांगली वाहिनी आणि बिघडलेली वाहिनी यांतील अंतर तेवढे पाहा.

तांबडी तार

यात माझी थोडी भर. एलएनबी उपग्रहाची उच्च फ्रिक्वेन्सी उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केबलवर सोडते. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला केबलमधील घट सर्वाधिक असते. बिघडलेल्या सगळ्या वाहिन्या वरच्या टोकाच्या निघाल्या तर केबल आणि तिचे जोड तपासा. एकाच पोलरायझेशनच्या निघाल्या तर बॉक्सकडून एलएनबीला जाणारा विद्युतदाब पाहा. तो १३ आणि १८ व्होल्ट असा बदलतो आणि त्यावरूनच एलएनबी पोलरायझेशन निवडते. खराब जोडामुळे दाब वाटेत पडला तर १८ ची निवड होत नाही. जुन्या केबल जोडणीची वायर किंवा स्प्लिटर पुन्हा वापरला आहे का, हेही विचारा. ते स्प्लिटर सहसा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या कामाचे असतात.

ओसरी

तपासणी झाली. थिजणाऱ्या सर्व वाहिन्या दोनच ट्रान्सपाँडरवरच्या निघाल्या आणि दोन्ही वरच्या टोकाचे. तिथे गुणवत्ता ४० च्या आसपास घुटमळत होती. गच्चीपासून खोलीपर्यंत केबल हाताने चाचपत आलो तेव्हा जिन्याजवळ जुनी बारीक वायर नव्या वायरला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली सापडली. पट्टीच्या आत पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. काल डिशपासून बॉक्सपर्यंत मध्ये जोड नसलेली एकच आरजी-६ केबल ओढून घेतली, दोन्ही टोकांना नवे एफ कनेक्टर लावले आणि गच्चीवरच्या टोकाला पाणी जाऊ नये म्हणून रबरी टोपी चढवली. आता त्याच वाहिन्यांवर गुणवत्ता ७५ दिसते. काल संध्याकाळपासून एकदाही चौकोन पडलेला नाही. डिश आणि टीव्ही दोन्ही जुनेच आहेत.