लॅब्रॅडॉरचे पिल्लू कोठून घ्यावे: बी-५०३ यांचा प्रश्न आणि सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-५०३ (शुक्रवार, रात्री ९.१०)

सर्वांना नमस्कार. घरी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणण्याचा विचार वर्षभर चालू होता आणि तो आता पक्का झाला आहे. घरात आम्ही दोघे, तिसरीत शिकणारी मुलगी आणि काठीच्या आधाराने चालणाऱ्या सासूबाई, असे चौघे आहोत. इंटरनेटवरील एका विक्रेत्याने ४० दिवसांचे पिल्लू दाखवले आहे. कागदपत्रांसह ३५ हजार आणि कागदपत्रांशिवाय १८ हजार रुपये अशी किंमत तो सांगतो. निम्मी रक्कम आज पाठवली तर रविवारी हिंजवडीजवळ रस्त्यात कोठेतरी भेटून पिल्लू देण्याची त्याची तयारी आहे. ज्यांना कुत्रा पाळण्याचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-२०१ (रात्री ९.२५)

ताई, कृपया आज पैसे पाठवू नका. थोडे सविस्तर लिहितो, कारण अगदी असाच व्यवहार आम्ही सहा वर्षांपूर्वी केला होता.

आम्हीही फोटोवरून पिल्लू पसंत केले, आगाऊ रक्कम पाठवली आणि एका मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतील पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते आमच्या हातात आले. आई कोठे आहे असे विचारले, तेव्हा ‘ती गावी फार्मवर आहे’ असे उत्तर मिळाले आणि ते आम्ही मान्य केले. चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब झाले आणि दोन रात्री सलाइन लावूनही सातव्या दिवशी ते गेले. त्याचे नाव ठेवून जेमतेम तीन दिवस झाले होते. मुलाला काय सांगावे हे आम्हाला कळत नव्हते. विक्रेत्याने आधी ‘तुम्हीच काहीतरी खायला घातले असेल’ असे म्हटले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. त्याच्याकडून मिळालेल्या लसीकरणाच्या पुस्तिकेवर लसीच्या बाटलीचे स्टिकर नव्हते आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. या दोन गोष्टी आम्ही त्याच दिवशी पाहायला हव्या होत्या.

सी-७०४ (रात्री ९.५०)

मी पशुवैद्यक म्हणून प्रॅक्टिस करते, त्यामुळे काकांच्या अनुभवात थोडी भर घालते. अशा उलट्या आणि रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या पार्वो या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे नवीन घरात चौथ्या दिवशी आजारी पडलेले पिल्लू बहुतेक वेळा तो आजार सोबत घेऊनच आलेले असते. हा विषाणू फरशीवर, भांड्यांत आणि मातीत अनेक महिने टिकतो, आणि म्हणूनच ज्या घरात असे पिल्लू दगावले तेथे लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये असे आम्ही सांगतो.

ताई, त्या विक्रेत्याच्या संदेशातच दोन गंभीर गोष्टी आहेत. पहिली, ४० दिवस. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. वयाची ही अट केवळ दुधासाठी नाही. चावताना किती जोर लावायचा, दुसऱ्याने नको म्हटले की कोठे थांबायचे, हे पिल्लू त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते. लवकर तोडलेली, हातपाय चावणारी आणि हातात धरले की घाबरणारी पिल्ले माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या घरी लहान मुलगी आणि वृद्ध आजी आहेत, म्हणून हे विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच पिल्लाच्या दोन किमती. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचे शुल्क पिल्लाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. जो मनुष्य कागदांचे वेगळे १७ हजार मागतो, त्याच्याकडील कागद त्याच पिल्लाचे असतील याची खात्री कशी धरावी? नोंदणी त्या वेताची, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या सर्व पिल्लांची मिळून होते, त्यात आई-वडिलांचे नोंदणी क्रमांक असतात, आणि त्यांच्या शरीरातील मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक वाचकयंत्राने ताडून पाहता येतो. हेही लक्षात असू द्या की या कागदांतील वंशावळ फक्त वंश सांगते, प्रकृती सांगत नाही.

डी-१०२ (रात्री १०.०५)

कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही, पण आपल्या मागच्या गेटपाशी या महिन्यात चार पिल्ले जन्मली आहेत. त्यांना घर नसताना पैसे देऊन जातिवंत कुत्रा का आणावा, याचा विचार व्हावा असे मनापासून वाटते. आपल्याकडची कुत्री या हवेत चांगली राहतात आणि माणसाला जीव लावतात. माझ्याकडची दोन्ही अशीच आली आहेत.

बी-५०३ (रात्री १०.२०)

वहिनी, आपले म्हणणे मी गांभीर्याने घेते. सासूबाईंचा तोल गेल्या वर्षी दोनदा गेला, त्यामुळे मोठेपणी कुत्रा किती मोठा, किती चपळ आणि कोणत्या स्वभावाचा होईल याचा आधी अंदाज असावा, एवढ्यासाठीच आम्ही ठरावीक जातीचा विचार करत आहोत.

सी-७०४ (रात्री १०.३०)

हे कारण रास्त आहे, मात्र त्याला एक पुरवणी जोडते. लॅब्रॅडॉर म्हटले की शांत आणि प्रेमळ, हा जातीवरून बांधलेला अंदाज आहे, आणि त्या अंदाजाला खरा आधार मिळतो तो आई-वडिलांना प्रत्यक्ष पाहिल्यावर. अनोळखी माणूस अंगणात आला की थरथरत कोपऱ्यात जाणाऱ्या कुत्रीची पिल्ले भित्री होण्याचा संभव जास्त असतो, मग वंशावळीत कितीही विजेते असोत. आई न पाहता पिल्लू घ्यायचे असेल तर जातिवंत घेण्याचे तुमचे कारणच उरत नाही. तसे असेल तर वहिनींच्या पिल्लांपैकी एक घेणे अधिक प्रामाणिक ठरेल, कारण निदान त्याची आई आपण सर्वांनी रोज पाहिली आहे.

ए-६०५ (शनिवार, सकाळी ७.१५)

माझे गाव लातूर जिल्ह्यात आहे आणि आमच्या वाड्यावर तीन पिढ्या कारवानी कुत्री होती. अंग सडपातळ, केस आखूड, उन्हाचा त्रास कमी आणि खाण्याचे चोचले नाहीत. मुधोळ संस्थानचे नाव ज्यांना मिळाले ती मुधोळ हाउंड कुत्री याच घराण्यातली, आणि त्यांच्यासाठी बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूर येथे कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जातिवंत म्हटले की परदेशी, हा समज आपण सोडला पाहिजे. तरीही ताईंना मी कारवानी सुचवणार नाही. ही कुत्री सशामागे धावण्यासाठी घडलेली आहेत, परक्याने अंगाला हात लावलेला त्यांना रुचत नाही आणि धावायला मोकळे रान लागते. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या घरात तिचे हाल होतील. मला ही जात अतिशय प्रिय आहे, म्हणूनच हे लिहीत आहे.

सचिव (सकाळी ९.००)

पाळीव कुत्र्यांबाबत सोसायटीच्या नियमांविषयी कार्यालयाकडे विचारणा झाल्याने कळवतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कुत्रा आल्यावर महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र यांची प्रत कार्यालयात द्यावी, एवढीच विनंती आहे.

ए-२०१ (सकाळी ९.४०)

त्या प्रसंगानंतर दोन वर्षे आम्ही कुत्रा आणला नाही. पुढे जेव्हा शोध सुरू केला तेव्हा पिल्लू शोधायचे नाही, माणूस शोधायचा, असे ठरवले. आमची सध्याची कुत्री तशीच आली, म्हणून ती पद्धत सांगतो.

आम्ही पाच जणांना फोन केला आणि प्रत्येकाला एकच विचारले: आमच्यासाठी पिल्लू आहे का? चौघांनी लगेच हो म्हटले आणि त्यांपैकी दोघांनी ‘कोणती जात हवी, सगळ्या मिळतील’ असेही सांगितले. पाचव्याने पिल्लू नाही असे सांगून उलट आम्हालाच विचारायला सुरुवात केली. घर स्वतःचे आहे का, दिवसभर घरी कोण असते, गावी जाताना कुत्रा कोठे ठेवाल, आधीचा कुत्रा कशाने गेला, पायऱ्या किती आहेत, घरातील प्रत्येकाची संमती आहे का. अर्धा तास ही चौकशी चालली होती आणि माझी पत्नी जरा नाराजही झाली. नंतर आमच्या लक्षात आले की त्या पिल्लाचे पुढची बारा वर्षे काय होणार याची काळजी असलेला तो एकटाच होता.

त्याच्या घरी गेलो तेव्हा तीन कुत्र्या आणि एक म्हातारा नर, एवढाच गोतावळा होता. सगळे घरातच वावरत होते. ज्या कुत्रीची पुढे पिल्ले होणार होती तिच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे त्याने स्वतःहून काढून दाखवले. तिचे आधीचे एकच वेत झाले होते आणि त्यातील पिल्ले ज्या घरी गेली त्यांपैकी दोन घरांचे फोन क्रमांक, त्यांची परवानगी घेऊन, त्याने आम्हाला दिले. आम्ही दोन्ही घरी बोललो. पिल्ले झाल्यावर तिसऱ्या आठवड्यानंतर दर रविवारी येऊन बघा, पण बाहेरचे जोडे काढून आणि हात धुऊन या, अशी त्याची अट होती. पिल्लू पसंत करण्याचा हट्ट धरू नका, सात आठवडे मी त्यांना पाहिलेले असेल तेव्हा तुमच्या घराला कोणते मानवेल हे मी सांगेन, असेही त्याने बजावले. शेवटी लेखी करारात एक वाक्य होते की कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर, कोणत्याही वयात, तो त्यालाच परत द्यायचा. ते वाक्य वाचून मला त्या पार्किंगमधील खोके आठवले आणि खरोखर भरून आले.

सी-७०४ (सकाळी १०.१५)

काकांनी एक्स-रेचा उल्लेख केला, त्याविषयी लिहिते, कारण लॅब्रॅडॉरच्या बाबतीत सर्वांत अधिक फसगत येथे होते. खुब्याचा सांधा सदोष असलेला कुत्रा तरुणपणी व्यवस्थित पळताना दिसू शकतो, म्हणून ‘आई-बाप बघा कसे धडधाकट आहेत’ या वाक्याला अर्थ नाही. एक्स-रे काढूनच ते कळते. अमेरिकेत तर कुत्र्याला दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय खुब्याचे अंतिम प्रमाणपत्र देत नाहीत. डोळ्यांचेही तसेच आहे. या जातीत दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघांनाही स्वच्छ दिसत असले तरी दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांपैकी एक जरी चाचणीत निर्दोष निघाला तरी पिल्लांना तो आजार होत नाही. इतकी साधी चाचणी न करता वेत घेणे मला अक्षम्य वाटते.

विक्रेते ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ असे शब्द वापरतात. हाडे दुप्पट असणे असा काही प्रकार शरीरशास्त्रात नाही, आणि वाढीच्या वयात मुद्दाम वजन वाढवलेल्या पिल्लाच्या सांध्यांचे नुकसानच होते.

आई दाखवली तरी ती खरी आई आहे का, हेही पाहावे. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीची आचळे सुटलेली असतात, अंगावरचे केस गळून ती थोडी उतरलेली दिसते आणि पिल्ले तिला पाहताच तिच्याकडे झेपावतात. तुकतुकीत, सडपातळ पोटाची कुत्री दुसऱ्या खोलीतून आणून उभी केली आणि पिल्लांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, तर तेथून निघावे. दया येऊन ‘निदान हे एक वाचवू’ म्हणून पिल्लू विकत घेऊ नये. रिकामी झालेली ती जागा भरण्यासाठी तीच कुत्री पुन्हा माजावर येताच लावली जाते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून मध्यस्थाने पिल्ले विकण्यास बंदी आहे आणि पिल्लू त्याच्या जन्माच्या ठिकाणी, आईसोबतच दाखवावे लागते. अशाच एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटलेल्या ल्यूसी नावाच्या कुत्रीवरून तो कायदा ओळखला जातो. आपल्या नियमांनुसारही कुत्रीकडून वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. त्यामुळे मागचे वेत कधी झाले, हा प्रश्न निःसंकोच विचारावा आणि उत्तर कागदावर पाहावे.

बी-५०३ (सकाळी ११.००)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. त्या विक्रेत्याला आईला पाहण्यासाठी त्याच्या जागेवर येतो असे कळवले, तर त्याने ‘मग पिल्लू दुसऱ्याला देतो’ असे उत्तर दिले. व्यवहार रद्द केला आहे. काका, आपल्या त्या गृहस्थांशी ओळख करून द्याल का?

ए-२०१ (सकाळी ११.०५)

अवश्य. मात्र आज पिल्लू मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बी-५०३ (पुढील महिन्यातील बुधवार, रात्री ८.४०)

सर्वांना कळवायचे राहिले होते. आम्ही काकांनी सांगितलेल्या गृहस्थांना दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत सासूबाईंनाही घेऊन गेलो होतो. त्यांना चालताना पाहून त्या गृहस्थांनी स्पष्टच सांगितले की या घरात ते लॅब्रॅडॉरचे पिल्लू देणार नाहीत. सहा महिन्यांचे झाल्यावर ते पायांत येईल, आजी पडतील आणि मग कुत्र्यालाच घर सोडावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकताना वाईट वाटले, मुलगी तर रडली.

मग त्यांनी आतून साडेचार वर्षांची एक कुत्री आणली. तिची दोन वेते झाली आहेत आणि आता तिच्याकडून आणखी वेत घ्यायचे नाही असे त्यांनी ठरवले आहे. ती आली, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी बसली आणि आम्ही निघेपर्यंत तेथून हलली नाही. मुलीने दोनदा काठी पाडून पाहिली, तरी ती दचकली नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया मागच्या आठवड्यात झाली आहे आणि टाके निघाल्यावर पंधरा दिवस आमच्याकडे राहून पाहावे, मग दोन्ही बाजूंनी निर्णय घ्यावा असे ठरले आहे.

सी-७०४ (रात्री ८.५५)

फार चांगली निवड आहे. एक्स-रे आणि लसीकरणाची पुस्तिका पाहायला घेऊन या. पहिल्या आठवड्यात तिचे नेहमीचेच खाणे चालू ठेवा आणि पाहुणे बोलावू नका. गुळगुळीत फरशीवर तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी टाका. ती तिच्याही सांध्यांना बरी आणि आजींच्या काठीलाही.

डी-१०२ (रात्री ९.१०)

मोठ्या वयाच्या कुत्रीला घर मिळते आहे याचा मला खूप आनंद झाला. मागच्या गेटपाशी असलेल्या पिल्लांपैकी दोघांना घरे मिळाली आहेत, उरलेल्या दोघांचे दुसरे लसीकरण शनिवारी आहे. डॉक्टर, आपण सकाळी दहाला खाली याल का?

सी-७०४ (रात्री ९.१२)

येते. पिल्लांना धरायला दोघे जण लागतील.

बी-५०३ (रात्री ९.१५)

मी आणि मुलगी येतो.