घरच्या संगणकासाठी मोफत फायरवॉल कोणती निवडावी?

गोदातीर

नमस्कार मंडळी. माझ्या घरी विंडोज ११ असलेला एक संगणक आहे. त्यावर मी काही छोट्या दुकानदारांचे हिशेब ठेवतो आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरतो. मुलीचे शाळेचे प्रकल्प आणि घरातले बँकेचे व्यवहारही त्याच संगणकावर होतात. आतापर्यंत अँटिव्हायरस आणि फायरवॉल (संगणकात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्या तपासून नको त्या अडवणारी यंत्रणा) एकत्र असलेला एक सशुल्क संच वापरत होतो. त्याची मुदत या महिन्यात संपत असून पुन्हा पैसे भरण्याआधी मोफत पर्यायांचा नीट विचार करावा, असे वाटते.

शोध घेतल्यावर कोमोडो, टायनीवॉल, ग्लासवायर, झोनअलार्म अशी अनेक नावे समोर आली, परंतु प्रत्येक ठिकाणी वेगळेच नाव पहिल्या क्रमांकावर दिसते. माझी अपेक्षा एवढीच आहे, की बाहेरून कोणी संगणकात शिरू नये आणि संगणकातला कोणता प्रोग्राम इंटरनेटवर काय पाठवतो यावर माझे थोडेफार नियंत्रण असावे. दर पाच मिनिटांनी प्रश्न विचारणारी फायरवॉल मात्र नको, कारण मुलगी प्रत्येक वेळी ‘होय’ दाबून मोकळी होईल. विंडोजची स्वतःची फायरवॉल यासाठी पुरेशी आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

आणखी एक अडचण आहे. या संगणकाला जोडलेला प्रिंटर पत्नीच्या लॅपटॉपवरून वापरता येत नाही, आणि दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी फायरवॉल बंदच करून टाकण्याचा सल्ला दिला. तो मला पटलेला नाही.

रात्रपाळी

तुम्हाला तो सल्ला पटला नाही हे चांगले झाले. प्रिंटरसाठी फायरवॉल बंद करण्याची मुळीच गरज नसते. त्याकडे नंतर येतो.

तुमच्या पहिल्या अपेक्षेपुरते, म्हणजे बाहेरून कोणी आत शिरू नये यापुरते बोलायचे तर विंडोजची फायरवॉल पूर्णपणे पुरेशी आहे. वेगळी फायरवॉल हवीच, हा समज विंडोज एक्सपीच्या काळातला आहे आणि त्या काळी तो खराही होता. एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि २००४ च्या मे महिन्याच्या सुमारास सॅसर हे वर्म, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, पसरले, तेव्हा संगणक नुसता इंटरनेटला जोडला तरी, कोणतीही फाइल न उघडता, तो बाधित होत असे. त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या सुधारणेपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तरीही ती फक्त आत येणारी जोडणी अडवत असे. बाहेर जाणाऱ्या जोडणीवर नियम लावण्याची सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली आणि आजच्या विंडोजमध्ये तीच यंत्रणा पुढे विकसित झालेली आहे.

आजची मूळ मांडणी अशी आहे, की आत येणारी जी जोडणी कोणत्याही नियमात बसत नाही ती अडवली जाते आणि बाहेर जाणारी जोडणी सोडली जाते. एखाद्या प्रोग्रामला बाहेरच्या जोडण्या स्वीकारायच्या असतील तर विंडोज एकदाच परवानगी विचारते. त्या चौकटीत ‘रद्द करा’ दाबले, तर विंडोज त्या प्रोग्रामसाठी अडवणुकीचा नियम कायमचा नोंदवून ठेवते. पुढे कधी तो प्रोग्राम चालेनासा झाला, की लोक फायरवॉलला दोष देऊन तीच बंद करून टाकतात. वास्तविक तेवढा एक नियम काढला की काम होते.

माझे मत स्पष्ट आहे: घरच्या बहुतेक संगणकांसाठी वेगळी फायरवॉल बसवू नये. संच काढून टाकल्यावर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन फायरवॉल पुन्हा चालू झाली आहे ना, हे मात्र स्वतः पाहावे. सशुल्क संच स्वतःची फायरवॉल बसवताना विंडोजची बाजूला करतात, आणि काढताना सगळे पूर्ववत झालेच असेल असे गृहीत धरणे योग्य नाही.

मुळशीकर

रात्रपाळी यांच्या उत्तराचा पहिला भाग मला मान्य आहे, परंतु शेवटचे मत गोदातीर यांच्या बाबतीत पुरे पडत नाही. त्यांच्या संगणकावर केवळ स्वतःची नव्हे, तर त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या दुकानदारांची माहिती आहे: पॅन क्रमांक, उलाढाल, बँक खात्यांचे तपशील. अशा संगणकावरून अनोळखी प्रोग्रामने गुपचूप बाहेर जोडणी करू नये ही अपेक्षा रास्त आहे. विंडोजची फायरवॉल हे करू शकते, पण ती आपण होऊन विचारत नाही आणि तिचा प्रगत नियमांचा पडदा सामान्य माणसाला हाताळता येण्यासारखा नाही. ‘मोफत फायरवॉल’ या नावाखाली जे मिळते त्याचा खरा उपयोग इथे आहे.

माझी पहिली शिफारस विंडोज फायरवॉल कंट्रोल ही आहे. बिनीसॉफ्टचे हे साधन २०१८ साली मालवेअरबाइट्स या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने घेतले आणि तेव्हापासून ते पूर्ण मोफत आहे. ही वेगळी फायरवॉल नाही. विंडोजच्याच फायरवॉलवर बसवलेला सोयीचा नियंत्रणफलक आहे. त्यातला मध्यम गाळणीचा पर्याय निवडला, की ज्या प्रोग्रामसाठी नियम नाही त्याची बाहेर जाणारी जोडणी अडते आणि कोपऱ्यात सूचना येते. पहिले काही दिवस सूचना बऱ्याच येतील, कारण ब्राउझर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, अद्ययावत करणारे प्रोग्राम अशा प्रत्येकाला एकदा परवानगी द्यावी लागते. नंतर त्या विरळ होतात.

टायनीवॉलची पद्धत उलट आहे. ती काहीच विचारत नाही. यादीत नसलेला प्रोग्राम मुकाट्याने अडवते आणि ज्याला परवानगी द्यायची त्याची खिडकी किंवा फाइल आपण स्वतः निवडायची असते. मुलगी ‘होय’ दाबेल ही तुमची काळजी असेल, तर दाबायला ‘होय’च नसलेली ही मांडणी तुम्हाला अधिक सोयीची वाटेल. अडचण एवढीच, की एखादा नवा प्रोग्राम चालेनासा झाल्यावर त्याचे कारण फायरवॉल आहे हे तुमच्या लक्षात यावे लागते.

कोमोडो मी घरच्या वापरासाठी सुचवणार नाही. ती दुबळी नाही, उलट तिच्यात फायरवॉलच्या जोडीला प्रोग्रामच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि अनोळखी प्रोग्रामला बंदिस्त जागेत चालवण्याची सोयही आहे. पण ते सगळे समजून वापरणारा माणूस घरात हवा. ग्लासवायरचे मुख्य बलस्थान कोणता प्रोग्राम किती डेटा वापरतो हे आलेखातून दाखवणे हे आहे. तुमची निकड वेगळी आहे.

बाहेरची जोडणी अडवायला लागल्यावर एक पथ्य पाळावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा विंडोजचा प्रोग्राम सूचनेत दिसला की घाबरून तो अडवू नये. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा अंकी पत्ता शोधणे, राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळवणे, विंडोज अपडेट उतरवून घेणे ही कामे त्याच्यामार्फत होतात. तो अडवला की इंटरनेट बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंटरनेट चालू राहते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे गुपचूप थांबते.

रात्रपाळी

मुळशीकर यांचा व्यावसायिक माहितीचा मुद्दा मान्य करतो. तरी बाहेरच्या जोडणीवरील नियंत्रणाला मर्यादा आहेत आणि त्या गोदातीर यांना आधीच ठाऊक असाव्यात. घातक प्रोग्रामला एकदा प्रशासकाचे (संगणकात हवे ते बदल करण्याचे) अधिकार मिळाले, की तो फायरवॉलमध्ये स्वतःसाठी नियम लिहू शकतो किंवा परवानगी असलेल्या ब्राउझरच्या आडून माहिती पाठवू शकतो. म्हणून मुलीसाठी साधे, प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते उघडून देणे हा उपाय कोणत्याही मोफत फायरवॉलइतकाच मोलाचा आहे.

दुसरे असे, की सध्या होणाऱ्या अनेक फसवणुकींत समोरचा माणूस बँकेतून बोलतो असे सांगून आपल्या संगणकाचा पडदा त्याला दाखवणारे एखादे वैध ॲप आपल्याच हाताने बसवायला लावतो. ती जोडणी आतून बाहेर जाते आणि परवानगी आपणच दिलेली असते, त्यामुळे फायरवॉल ती थांबवणार नाही. असे घडल्यास ताबडतोब इंटरनेट तोडून बँकेला आणि १९३० या मदतक्रमांकावर कळवावे. त्यात विलंब होऊ देऊ नये.

केबलजोडणी

संगणकाबद्दल वर सविस्तर आलेच आहे, मी राउटरबद्दल थोडेसे सांगतो. घरातला राउटर अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतो, त्यामुळे बाहेरून आलेली अनाहूत जोडणी बहुधा तिथेच संपते. यावर विसंबून अनेक जण संगणकाची फायरवॉल अनावश्यक ठरवतात. पण हा आडोसा जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीच्या पत्त्यांपुरता आहे. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभरातून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो आणि आपल्याकडे ही पद्धत आता सर्रास वापरात आहे. तिथे संरक्षण राउटरमधल्या फायरवॉलवर अवलंबून असते, म्हणून राउटरच्या पानावर आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे का ते पाहावे, यूपीएनपीची (घरातल्या प्रोग्रामना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणाऱ्या सोयीची) गरज नसेल तर ते बंद करावे आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. शिवाय राउटर घरातल्या घरात पसरणारे काही अडवत नाही. पाहुण्याच्या बाधित लॅपटॉपपासून तुमच्या संगणकाला वाचवते ती संगणकावरचीच फायरवॉल.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. विंडोजचीच फायरवॉल ठेवून तिच्यावर विंडोज फायरवॉल कंट्रोल बसवायचे आणि मुलीला वेगळे खाते द्यायचे, असे ठरवले आहे. राउटरचे पान आजच उघडले; मूळ पासवर्ड तसाच होता, तो बदलला. आता प्रिंटरचे काय करावे, ते कृपया सांगावे.

रात्रपाळी

निर्णय योग्य आहे. प्रिंटरच्या बाबतीत आधी एक गोष्ट तपासा: सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून तुमच्या वायफायच्या गुणधर्मांत नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते पाहा. विंडोज ११ नवे नेटवर्क आपण होऊन ‘पब्लिक’ धरते, आणि रेल्वे स्थानक किंवा उपाहारगृहातल्या वायफायसाठी ते बरोबरच आहे, कारण त्या अवस्थेत संगणक इतरांना दिसत नाही आणि फाइल-प्रिंटर देवाणघेवाणीचे दरवाजे मिटलेले असतात. घरचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि प्रगत शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट’ विभागापुरते फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करण्याचे काम दोन्ही यंत्रांवर करावे लागेल.

ही देवाणघेवाण ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकात येण्याच्या क्रमांकित वाटेवरून, चालते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म याच पोर्टवरून पसरला होता, आणि मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिलेली असूनही ज्यांनी ती बसवली नव्हती ते संगणक त्याला बळी पडले. म्हणून फायरवॉल बंद करून प्रिंटर चालवणे आणि नियमाने तेवढीच वाट उघडणे यांत मोठा फरक आहे. विंडोजचे तयार नियम ही वाट फक्त स्थानिक नेटवर्कमधल्या पत्त्यांसाठी उघडतात. तो भाग बदलू नका. लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल तर तिला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा आधी त्याची सोय पाहा.

हे करूनही प्रिंटर दिसला नाही, तर विंडोज फायरवॉल कंट्रोलच्या नोंदींत त्या वेळी कोणती जोडणी अडली ते पाहून इथे लिहा. प्रोग्रामचे नाव आणि पोर्टचा क्रमांक कळला, की कोणता नियम आडवा येतो आहे ते नक्की सांगता येईल.