अनुभव धागा: फोन कंपनीच्या करारावर घ्यावा की हप्त्यांवर?

माझ्या फोनने परवा मान टाकली. एकरकमी पैसे मोजायची तयारी नाही, त्यामुळे समोर दोन कागद आहेत. एक म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीचा २४ महिन्यांचा करार: हँडसेट, कॉल, डेटा सगळं एकाच बिलात. दुसरा, हँडसेट तेवढा हप्त्यांवर आणि सिम आपल्या मर्जीचं. यातलं काही ज्यांनी केलंय त्यांनी पुढे काय झालं ते लिहा. स्वस्त काय ते दुकानदाराने सांगून झालंय. मला नंतरच्या दोन वर्षांची गोष्ट हवी आहे.

*

मी करारवाला. आकडे सोपे करून सांगतो. फोनची रोख किंमत १०० धरा. कराराचं बिल महिन्याला ७, आणि तेवढाच डेटा देणारं नुसतं सिम ३. म्हणजे हँडसेटपोटी महिन्याला ४, चोवीस महिन्यांत ९६. रोखीपेक्षाही कमी! मी स्वतःवर जाम खूश.

घोळ पंचविसाव्या महिन्यात झाला. फोन फिटला होता, पण बिल ७ च येत राहिलं. मुदत संपली तरी सेवा तशीच चालू राहते आणि आपण हलल्याशिवाय रक्कम खाली येत नाही, हे मला उमगायला अकरा महिने लागले. ४४ गेले. शंभराचा फोन एकशेचाळीसला पडला. चूक माझीच, पण बिलावर हँडसेटचा आकडा वेगळा दाखवला असता तर ती इतकी लांबली नसती.

*

मी हप्तेवाली, पण वरचं वाचून हसू नका. आमच्याकडेही खड्डे आहेतच.

पहिला फोन 'बिनव्याजी' पाटी बघून घेतला. रोख घेणाऱ्याला सूट होती, मला नव्हती. ती न मिळालेली सूट हेच माझं व्याज, वर प्रक्रिया शुल्क निराळं. दुसऱ्या वेळी शहाणपणा केला आणि उघडउघड व्याजाची योजना घेतली: १२ टक्के, फ्लॅट. त्या 'फ्लॅट' शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. दर महिन्याला मुद्दल फिटत असतं, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर वर्षभर लावतात. १०० चं कर्ज, बारा हप्ते, एकूण ११२. हेच घटत्या शिल्लकीवर मांडलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बाराच टक्के आहे." खोटं बोलत नव्हता बिचारा.

*

फोन पाचव्या महिन्यात चोरीला गेला. एकोणीस हप्ते बाकी होते आणि ते सगळे भरले. कर्ज देणाऱ्याला फोन आता कुणाच्या खिशात आहे याच्याशी देणंघेणं नसतं. करारावर असता तरी बिल थांबलं नसतंच म्हणा. विमा होता, पण त्यात 'चोरी' होती, 'गहाळ' नव्हतं, आणि बसमध्ये नेमकं काय झालं हे मलाही छातीठोकपणे सांगता येईना. १५ आकडी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) बिलावर होता म्हणून फोन निदान बंद करून घेता आला. तुमचा आजच लिहून ठेवा. *#०६# दाबलं की दिसतो.

*

घर बदललं आणि नव्या घरात रेंज फक्त खिडकीत. कराराचे चौदा महिने शिल्लक. मधूनच सोडायचं तर जवळपास उरलेली सगळी रक्कम भरा म्हणे. शिवाय फोनला नेटवर्क लॉक, दुसऱ्या कंपनीचं सिम घेईचना. सहा महिने खिडकीत उभं राहून बोललो. शेजाऱ्यांना माझ्या नोकरीतल्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत.

जाता जाता: नियम जागोजागी वेगळे आहेत. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत. त्यामुळे सही करण्याआधी 'हा फोन लॉक आहे का' आणि 'मधूनच सोडलं तर किती' हे दोन्ही लेखी घ्या.

*

मी काही वर्षं काउंटरच्या त्या बाजूला होतो. आम्हाला टार्गेट कराराचं असायचं, त्यामुळे आमच्या तोंडून हप्त्यांचं कौतुक कधी ऐकू यायचं नाही. सगळ्यात जास्त खपायचं ते 'लवकर अपग्रेड'. गिऱ्हाइकाला वाटायचं बक्षीस मिळालं. प्रत्यक्षात जुना फोन परत द्यायचा आणि चोवीस महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणखी एक. "नुसत्या सिमचा दर काय?" असं कोणी विचारलं की आम्ही ओळखायचो, या माणसाला वजाबाकी येते.

*

माझा अनुभव फोनचा कमी आणि भावाचा जास्त. त्याला कर्ज मिळत नव्हतं म्हणून हप्ता माझ्या नावावर घेतला. "ताई, पाच तारखेच्या आत टाकतो." पहिले चार महिने टाकले. पुढे दोनदा चुकले, दंड मी भरला, आणि नंतर गृहकर्जाच्या वेळी अधिकाऱ्याने नेमक्या त्या दोन महिन्यांवर बोट ठेवलं. भाऊबीजेला तो विषय काढत नाही, एवढंच.

*

सगळे कराराला झोडपताहेत म्हणून लिहितोय. मला तो सोयीचाच पडला. एक बिल, एक तारीख, आणि माझा महिन्याचा डेटा खरोखर संपायचा. ज्याचा अर्धाही संपत नाही त्याने मोठ्या प्लॅनचा करार का घ्यावा, हा प्रश्न वेगळा. बाकी बॅटरी बदलून जुनाच फोन दोन वर्षं ओढलेले लोक इथे गप्प का आहेत?

*

धागाकर्ता पुन्हा हजर. काल जाऊन नुसत्या सिमचा दर विचारला. काउंटरवरचा मुलगा जरा थबकला (काउंटरवाले दादा, तुमची आठवण झाली). वजाबाकी केली तर हँडसेट रोखीपेक्षा बराच वर जात होता, आणि वर्षभरात माझं घर बदलण्याची शक्यता आहे. म्हणून बारा हप्ते घेतले: घटत्या शिल्लकीचं व्याज, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, दोन्ही कागदावर लिहून घेतलं. बॅटरीचंही विचारून आलो, पण दोष बोर्डात निघाला.

नवा फोन उद्या येईल. जुना तरी चार्जरला लावून ठेवलाय. फोटो त्यातच आहेत.