मदत हवी आहे: तब्येतीसाठी व्यायाम कमीत कमी किती? 'शेवटचा भाव' सांगा

गल्ल्यावरचा
नमस्कार मंडळी. वय ४७, कराडजवळच्या एका गावात किराणा दुकान आहे. सकाळी सातला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. दुपारी दीड ते तीन जेवण आणि डुलकी. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे घरून दुकानात जायला लागतं तेवढंही चालणं माझ्या नशिबात नाही.

बायकोने मागे लागून रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही पण उंबऱ्यावर उभे आहात, गोळी नको, रोज पाऊण तास चाला. मान डोलावून आलो. पण पाऊण तास आणू कुठून? पहाटे साडेपाचला दूध-पावाची गाडी येते. रात्री हिशेब मिटवेपर्यंत साडेदहा. जानेवारीत जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेलो. त्याआधी योगासनांची चटई आणली होती, तिच्यावर सध्या कुरडया वाळतात.

नेटवर कुणी १०,००० पावलं सांगतं, कुणी आठवड्याला १५० मिनिटं. शेजारचा मेडिकलवाला म्हणतो चाळीस मिनिटांच्या आत चरबी जळायलाच लागत नाही, तेव्हा अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं. हे खरं का? आणि मी दिवसभर उभा असतो, पाच-सहा वेळा तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा उचलतो, ते व्यायामात धरायचं की नाही?

जास्तीत जास्त किती ते नको. गिऱ्हाईक कसं "शेवटचा सांगा" म्हणतं, तसं सांगा.

सांजवात
जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० सालचं सांगणं असं: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. पूर्वी "एका वेळी निदान दहा मिनिटं तरी" अशी अट होती, ती यात काढून टाकली. म्हणजे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडेसुद्धा जमेला धरतात.

गल्ल्यावरचा
१५० भागिले ७ म्हणजे एकवीस-बावीस मिनिटं. मग डॉक्टरांनी पाऊण तास का सांगितला? दुप्पट झालं की हे.

सांजवात
४५ गुणिले ७ करा. ३१५. त्यांनी तुम्हाला वरची मर्यादा सांगितली. पेशंट निम्मं करणार हे त्यांना अनुभवाने माहीत असणार :)

सह्याद्रीचा वारा
रोज बारा सूर्यनमस्कार घाला. विषय संपला.

गल्ल्यावरचा
उजवा गुडघा नको म्हणतो, भाऊ.

निवृत्त मास्तर
१०,००० पावलांचं तेवढं मनावर घेऊ नका. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वारं होतं, तेव्हा १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा प्रयोगशाळेतून नाही, डब्यावरच्या नावातून आला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत साधारण १६,७०० वयस्क बायकांवर, सरासरी वय ७२, अभ्यास झाला. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांचा मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

आता तुमचा शेवटचा भाव. माझ्या वाचनातला तरी सगळ्यात स्वस्त सौदा तैवानचा. चार लाखांवर लोकांचा हा अभ्यास २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दिवसाला साधारण पंधरा मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी होता. आयुर्मान तीन वर्षांनी जास्त. त्यावर रोजची आणखी पंधरा मिनिटं घातली की धोका अजून ४ टक्के खाली. म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांना जो भाव मिळतो तो दुसऱ्या पंधराला मिळत नाही. मेडिकलवाल्याचं "अर्धवटापेक्षा न केलेलं बरं" नेमकं उलटं आहे.

खवचट खानविलकर
पण मास्तर, चालणारी माणसं मुळातच धडधाकट असतील तर? आजारी माणूस चालत नाही, आणि मग न चालणारे लवकर गेले असं दिसतं.

निवृत्त मास्तर
रास्त शंका. म्हणून अशा आकड्यांकडे दिशा म्हणून बघावं, पावती म्हणून नाही. संशोधक वय, तंबाखू, आधीचे आजार यांचा हिशेब लावतात, तरी थोडी शंका उरतेच.

पाठीचा कणा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचे रिपोर्ट समोर नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

चरबीचं आधी. शरीर चरबी सारखीच वापरत असतं, चाळिसाव्या मिनिटाला कुणी शटर उघडत नाही. आणि तुमचा प्रश्न चरबीपेक्षा साखरेचा आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात. त्यामुळे चालायची सगळ्यात मोलाची वेळ जेवणानंतरची, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तुम्ही नेमके तेव्हा आडवे होता! डुलकी बंद करा म्हणत नाही, तिच्या आधी दहा मिनिटं काढा.

नुसतं उभं राहणं व्यायामात धरू नका. बसण्यापेक्षा बरं, इतकंच. कट्टा उचलणं धरा, पण चालण्याच्या खात्यात नाही, ताकदीच्या खात्यात. मात्र पाच-सहा वेळा म्हणजे सगळं मिळून एखादं मिनिट. पाठीने न उचलता मांड्यांनी उचला, आणि उचलताना श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. त्यात भर म्हणून गल्ल्याच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. गुडघा कुरकुरला तर खुर्ची उंच घ्या.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांवर धाप लागली की जोराचा.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी हे हमखास सांगते. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५,००० हून जास्त लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून केलेला अभ्यास आला. बस पकडायला धावणं, सामान घेऊन झपाझप जिना चढणं, असे मिनिट-दोन मिनिटांचे जोर दिवसातून तीनदा ज्यांच्या दिवसात आपोआप होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होतं. खानविलकरांची शंका इथेही लागू आहे. पण फुकट आहे, करून बघायला काय जातं? छातीत जड वाटलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर मात्र थांबून डॉक्टर गाठायचे.

कृष्णाकाठ
सगळे स्वस्तात देताय म्हणून थोडं कडू बोलते. "काहीतरी फायदा" व्हायला पंधरा मिनिटं पुरतील. पण दादा, तुम्हाला "काहीतरी" नकोय, उंबऱ्यावरून मागे यायचंय. तुमच्यासारख्याच उंबऱ्यावरच्या लोकांवर चेन्नईच्या डॉक्टरांनी अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. नुसता नेहमीचा सल्ला देऊन सोडलेल्यांपैकी तीन वर्षांत १०० मागे ५५ जणांना मधुमेह झाला. आहार सांभाळून रोज निदान अर्धा तास चालायला लावलेल्यांत ३९. त्यातला आहाराचा वाटा किती नि चालण्याचा किती, ते वेगळं काढता येत नाही. माझ्या सासऱ्यांचा आकडा तुमच्याइतकाच होता, त्यांनी फक्त चालणं धरलं आणि संध्याकाळची फरसाणाची बशी सोडली नाही. आता गोळी चालू आहे. तेव्हा पंधरा मिनिटांनी सुरुवात करा, पण तिथेच दुकान थाटू नका.

गल्ल्यावरचा
फरसाण माझ्याच दुकानातलं असतं, ताई, ते सोडणं अवघड :) पण कळलं.

गल्ल्यावरचा
तीन आठवड्यांनी पुन्हा आलो. सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय.

दुपारी जेवून गोडाऊनमध्ये दहा मिनिटं येरझाऱ्या. ऊन लागत नाही आणि उंदरांनी कुठली गोणी फोडली तेही दिसतं. रात्री जेवून एसटी स्टँडपर्यंत आणि परत, बारा-तेरा मिनिटं. सगळ्यात कामाला आली ती घरपोच सेवा. मागच्या तीन गल्ल्यांत सामान द्यायला पोऱ्याला स्कूटरवर पाठवायचो, आता पाच-सात किलोची पिशवी घेऊन मीच झपाझप जातो. दिवसातून तीन-चार फेऱ्या सहज होतात. पहिले चार दिवस लोक विचारत होते, पोऱ्या सोडून गेला का?

बोलता येतं पण गाता येत नाही, हे तपासायला एकदा रस्त्यात अभंग म्हणून बघितला. समोरून ग्रामपंचायतीचे शिपाई आले. पुन्हा तपासणार नाही.

एकंदर दिवसाला तीस-पस्तीस मिनिटं भरतात, जी मला सलग कधीच सापडली नसती. अडचण एकच. गुरुवारी आठवडी बाजार, आदल्या दिवशी माल भरणं. बुधवार-गुरुवार शून्य. दोन दिवस बुडाले तर केलेलं वाया जातं का?

पाठीचा कणा
वाया जात नाही. व्यायामाने इन्सुलिनला जी मदत होते ती दोन-तीन दिवसांत ओसरते, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, इतकंच. शुक्रवारी न चुकता निघा. आणि बाजारच्या दिवशी शून्य कसं? त्या दिवशी किती कट्टे उचलले ते मोजा की.

गल्ल्यावरचा
मोजले. एकोणतीस. श्वास रोखला नाही.