दोन दिवसांच्या ट्रेनिंगने कुणी मेंटॉर होतो का? (ओळख, उद्देश वगैरे)

फोंड्याचो_मास्तर:
आमच्या कॉलेजात गेल्या महिन्यात मेंटॉर ट्रेनिंग झालं, पोरांना स्वतःची ओळख आणि आयुष्याचा उद्देश शोधायला मदत कशी करायची यावर. स्लाइड बऱ्या होत्या, जेवण त्याहून बरं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सर्टिफिकेट हातात पडलं आणि सोमवारी माझ्या नावावर २५ पोरं चढली. प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा, त्यात एक रकाना, ‘जीवनाचा उद्देश (दोन ओळींत)’. अर्ध्याहून जास्त जणांनी ‘गव्हर्नमेंट जॉब’ लिहून दिलं, एकीने विचारलं सर हे मार्कांना आहे का.

आता माझी चूक सांगतो. एक पोरगा जत्रांच्या दिवसांत पहिल्या लेक्चरला हमखास झोपायचा, दोन वर्षं मी त्याला उभा करत होतो. यावेळी मेंटॉर झालो म्हणून विचारलं, अरे रात्री असतोस कुठे? तर हा दशावतारात स्त्रीपार्ट करतो. लिहिलेली संहिता नसते, आख्यान काय ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे, असं पहाटेपर्यंत साडी नेसून, मग तोंडावरचा रंग पुसून सकाळची बस. कानामागे थोडा रंग राहिलेला मला तेव्हा दिसला, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हरखून म्हटलं, अरे हाच तुझा पर्पज, यातच पुढे जा! त्याचं तोंड उतरलं. ‘सर, वर्गात कुणाला सांगू नका’ एवढं बोलला आणि पुढचे आठ दिवस मला टाळत होता.

प्रश्न विचारायला शिकवलं होतं, विचारून झाल्यावर गप्प बसायला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मत, ट्रेनिंग पाहिजेच पण वर्षभर, महिन्यातून एकदा मेंटॉरांनी बसून अशा चुका एकमेकांना सांगायच्या. तुम्हाला काय वाटतं?

पेटीवाला:
मास्तर, राग मानू नका पण हे सगळं आयात केलेलं खूळ आहे. आमच्या वाड्यावरच्या मराठी शाळेत एकच मास्तर होते, कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना ठाऊक असायचं कारण संध्याकाळी तेच देवळात भजनाला शेजारी बसायचे. कसलं सर्टिफिकेट नि कसलं काय. माझा बाप पेटी वाजवायचा, मी वाजवतो, माझा पोर तबल्यावर बसतो. आम्हाला ओळख शोधत फिरावं लागलं नाही.

फोंड्याचो_मास्तर:
@पेटीवाला तुमचे मास्तर शेजारी बसायचे, मी ३० किलोमीटरवरून येतो आणि तीनची बस पकडतो, फरक तिथेच आहे. बाकी एरिक्सन नावाचा मानसतज्ज्ञ म्हणायचा की किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे ‘मी कोण’ हे उलगडणं. पुढे जेम्स मार्शाने १९६६ मध्ये त्याच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक अशी की शोध न घेताच घरच्यांनी दिलेली ओळख पक्की करून टाकायची, फोरक्लोजर म्हणतात. बाहेरून मूल एकदम ठाम दिसतं.

पेटीवाला:
म्हणजे माझा पोर तबला वाजवतो तो फोरक्लोजर? वा! त्या मार्शाला एकदा एकादशीला आमच्याकडे पाठवा.

डिचोलीकरीण:
पेटीवाले दादा, तुमचं पटतं पण अर्धंच. माझ्या बाबांचा खाणीवर ट्रक होता, ‘ट्रकवालो’ हीच त्यांची गावातली ओळख. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. नंतर थोडं सुरू झालं पण २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, परत सगळं थंड. पैशाचं दुखणं होतंच, पण बाबा रोज सकाळी उठून त्या बंद ट्रकची काच पुसायचे, ते बघवत नव्हतं. घरून मिळालेली ओळख अशी एका ऑर्डरने जाते. तेव्हा मी बारावीत होते आणि मला एकाही शिक्षकाने विचारलं नाही की घरी कसं काय आहे.

नोकरी_आधी:
ताई, तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा निघतो. पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे. इथे पोरं डिग्री घेऊन बसलीत, ज्यांना जमतं ते पोर्तुगीज पासपोर्ट काढून बाहेर जातात, आणि आपण त्यांना विचारणार तुझा उद्देश काय? ‘गव्हर्नमेंट जॉब’ हे एकदम प्रामाणिक उत्तर आहे मास्तर, त्याला हसू नका. मेंटॉरला शिकवायचंच असेल तर कुठली परीक्षा कधी आणि फॉर्म कसा भरायचा ते शिकवा.

डिचोलीकरीण:
हसलं कोण? नोकरी पाहिजेच. पण विल्यम डेमन म्हणून पर्पजवर काम केलेले प्राध्यापक आहेत, ते म्हणतात उद्देश म्हणजे स्वतःला मोलाचं वाटणारं आणि आपल्यापलीकडे कुणाच्या तरी कामी येणारं लांबचं ध्येय. सरकारी नोकरी कशासाठी, हा पुढचा प्रश्न विचारला तर कळतं की एकाला आईचं औषधपाणी करायचंय आणि दुसऱ्याला फक्त काकाने सांगितलंय. फॉर्मवर दोघांचं उत्तर सारखंच दिसतं.

एफवायची_बाय:
मी पोरांच्या बाजूने लिहिते. आमच्या मेंटॉर मॅडमनी पहिल्याच मीटिंगला इंग्लिशमधून विचारलं, हू आर यू. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्लिश, आता ‘मी कोण’ नक्की कुठल्या भाषेत सांगू? गुगलवरचं पाठ करून सांगितलं. दोन महिन्यांनी त्याच मॅडम कँटीनमध्ये भजी खाताना म्हणाल्या, ‘कितें गो, घरा बरें मगो सगळें?’ आणि मी तिथेच रडले. मग त्यांच्याशी खरंच बोलायला लागले. पण मॅडम लेक्चर बेसिसवर (तासांप्रमाणे पगार, कायम नाही) होत्या, टर्म संपली आणि गेल्या. नवीन सरांकडे गेलेच नाही मी, परत पहिल्यापासून कोण सांगणार.

समुपदेशक_दादा:
हिने सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. २००२ मध्ये ग्रॉसमन आणि रोड्स यांचा अमेरिकेतला अभ्यास आला होता, वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मेंटॉरिंगचा मुलांना सर्वात जास्त फायदा दिसला, आणि पहिल्या तीन महिन्यांत तुटलेल्या जोड्यांत मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली. म्हणजे टर्मपुरता माणूस मेंटॉर नेमणं हे काही न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. आणि ट्रेनिंगमध्ये हद्द शिकवा. पोर जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, काउन्सेलरकडे न्यायचं, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. मेंटॉरने बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळातला डॉक्टर व्हायला जाऊ नये.

नोकरी_आधी:
लेक्चर बेसिसचा मुद्दा मान्य. ज्यांची स्वतःची नोकरी जूनमध्ये राहील की नाही माहीत नाही त्यांनी पोरांना उद्देश शोधून द्यायचा, धन्य आहे.

पेटीवाला:
त्या दशावतारातल्या पोराचं पुढे काय झालं ते सांगा मास्तर. बाकी चर्चा चालू दे.

फोंड्याचो_मास्तर:
काही नाही झालं. नवव्या दिवशी मीच जाऊन म्हटलं, त्या दिवशी मी घाई केली, माझं चुकलं. तो म्हणाला बापूस म्हणतो हे बंद कर, पोरं चिडवतात, आणि मला ते सोडवत नाही पण जन्मभर करायचंही नाही. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही म्हणून गप्प बसलो. अर्धा तास तोच बोलत होता. सध्या पहिल्या लेक्चरला झोपू देतो, हजेरी लावतो, प्रिन्सिपलना सांगू नका.

डिचोलीकरीण:
आणि तो दोन ओळींचा रकाना?

फोंड्याचो_मास्तर:
त्याचा कोराच आहे. फाइलला लावायला मागतायत, नॅकवाले (कॉलेजांना ग्रेड देणारे) येणार म्हणून.